ऋषिऋण कसे फेडावे?
विज्ञानाच्या चार दालनांतील नवे शोध आणि आपले उत्तरदायित्व

(विज्ञान दिनाच्या निमित्ताने दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आपल्या परंपरेने माणसाच्या माथ्यावर जन्मतःच तीन ऋणे सांगितली आहेत : देवऋण, पितृऋण आणि ऋषिऋण. पहिली दोन आपल्या घरांतून बऱ्यापैकी पाळली जातात. देवघरात दिवा लागतो, पितृपक्षात श्राद्ध होते. तिसऱ्या ऋणाचा मात्र आपल्याला विसर पडलेला दिसतो. ऋषींनी ज्ञान मिळवले आणि पुढे दिले. ते ऋण त्यांच्या तसबिरीला हार घालून फिटत नाही. मिळालेल्या ज्ञानात स्वतःची भर घालून ते पुढच्या पिढीच्या हाती ठेवले, तरच ते फिटते. २८ फेब्रुवारी १९२८ या दिवशी चंद्रशेखर वेंकट रामन यांचा प्रकाशाच्या विकिरणाचा शोध सिद्ध झाला, म्हणून १९८७ पासून हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा होतो. या दिवशी रामन यांचे पुण्यस्मरण करावे हे योग्यच; पण त्यांच्या मार्गावर आपण किती पावले टाकली, याचा हिशेबही मांडावयास हवा.

गेल्या पाव शतकात विज्ञानाच्या अनेक दालनांत मोठी उलथापालथ झाली. त्यांपैकी संगणनशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, वनस्पतिशास्त्र आणि सैद्धांतिक भौतिकी या चार दालनांत आज डोकावू. चारही ठिकाणी भारतीय बुद्धीच्या खुणा आढळतात आणि चारही ठिकाणी आपल्याला काही बोध घेता येतो.

कानपूरची नऊ पाने

पहिला शोध संगणनशास्त्रातील. एखादी संख्या मूळ आहे की नाही, हे ओळखण्याचा प्रश्न शाळकरी मुलालाही समजतो. सात मूळ आहे, नऊ नाही. परंतु संख्या शंभर अंकी असेल तर? तिला लहान लहान संख्यांनी भागून पाहत बसावे, तर पन्नास अंकी संख्येपर्यंत भागाकार करावे लागतील. सेकंदाला अब्ज अब्ज भागाकार करणारे यंत्र कामाला लावले, तरी विश्वाचे आजवरचे सुमारे १,३८० कोटी वर्षांचे आयुष्य त्या कामाला अपुरे पडेल. झटपट उत्तर देणाऱ्या काही पद्धती होत्या. पण एकीत उत्तर चुकण्याची अत्यल्प का होईना शक्यता उरे, तर दुसरी एखाद्या असिद्ध गृहीतकाच्या आधारावर उभी असे. निर्विवाद, निश्चित आणि संख्येचे अंक वाढले तरी आवाक्यात राहील अशा वेळात उत्तर देणारी रीत असू शकते का, या प्रश्नाने गणितज्ञांना दीर्घकाळ झुंजवले होते.

ऑगस्ट २००२ मध्ये कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापक मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे दोन विद्यार्थी, नीरज कयाल व नितीन सक्सेना, यांनी नऊ पानांच्या एका निबंधात हे कोडे सोडवले. कयाल आणि सक्सेना यांनी त्याच वर्षी अभियांत्रिकीची पहिली पदवी घेतली होती. निबंध जगभरच्या तज्ज्ञांना पाठवला गेला आणि थोड्याच दिवसांत त्यावर शिक्कामोर्तब झाले. २००४ मध्ये तो ‘अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’ या अग्रगण्य नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २००६ मध्ये त्याला गोडेल पारितोषिक व फल्करसन पारितोषिक हे दोन्ही सन्मान लाभले.

येथे अतिशयोक्ती टाळावयास हवी. बँकांचे व्यवहार ज्या कूटलेखनावर चालतात, त्यासाठी मूळ संख्या शोधताना आजही जुन्या, संभाव्यतेवर आधारलेल्या रीतीच वापरल्या जातात, कारण व्यवहारात त्या अधिक वेगवान आहेत. कानपूरच्या शोधाचे मोल सैद्धांतिक आहे. जे होऊ शकते की नाही याचीच शंका होती, ते होऊ शकते असे त्याने सिद्ध केले.

या शोधाची वंशावळही पाहण्यासारखी आहे. त्याच्या मुळाशी सतराव्या शतकातील फ्रेंच गणितज्ञ फर्मा यांचा एक सिद्धांत आहे. याच फर्मांनी १६५७ मध्ये युरोपातील गणितज्ञांना एक आव्हान दिले होते. एका वर्गसंख्येची ६१ पट करून त्यात एक मिळवला असता पुन्हा वर्गसंख्याच मिळेल, अशी संख्या शोधा, असे ते आव्हान. आपल्या भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘बीजगणित’ या ग्रंथात नेमके हेच उदाहरण चक्रवाल पद्धतीने सोडवून ठेवले होते. पाचशे वर्षांपूर्वीचे भारतीय उत्तर फर्मांना ठाऊक नव्हते. कानपूरच्या मुलांना मात्र फर्मांचा सिद्धांत ठाऊक होता आणि त्यांनी तो निःसंकोच वापरला. ज्ञानाच्या गंगेला देशांच्या सीमा नाहीत. पण तिचे पाणी वापरायचे तर घाट बांधावा लागतो, आणि तो ज्याचा त्यानेच बांधायचा असतो.

विसरलेले पेटंट आणि आठवण ठेवणारा घटक

दुसरे दालन इलेक्ट्रॉनिक्सचे. येथे आधी आचार्य जगदीशचंद्र बसू यांना वंदन केले पाहिजे. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भारतीय प्राध्यापकाला इंग्रज प्राध्यापकापेक्षा कमी वेतन मिळे. त्याच्या निषेधार्थ बसूंनी तीन वर्षे वेतनच घेतले नाही. शिकवण्यात मात्र खंड पडू दिला नाही. १८९५ मध्ये त्यांनी कोलकात्यात बिनतारी लहरींनी दूरवरची घंटा वाजवून दाखवली. त्यांनी काही मिलिमीटर लांबीच्या लहरींवर प्रयोग केले. आज अतिवेगवान दूरसंचारासाठी याच पट्ट्याकडे जगाचे लक्ष आहे. या लहरी टिपण्यासाठी त्यांनी गॅलेना या खनिजाच्या स्फटिकाचा उपयोग केला. १९०४ मध्ये त्याचे अमेरिकी पेटंट त्यांच्या नावे नोंदले गेले. अर्धवाहक पदार्थांच्या उपयोगाचे हे अगदी आरंभीचे पेटंट. ज्ञान विकायचे नसते, अशी बसूंची धारणा होती. भगिनी निवेदिता आणि सारा बुल यांच्या आग्रहाने ते पेटंटला राजी झाले, पण पुढे त्यांनी त्याचा पाठपुरावा केला नाही. त्यांच्या निरिच्छपणापुढे नतमस्तक व्हावे. मात्र ज्या क्षेत्राचा आरंभ आपल्या भूमीवर झाला, त्यातील चिप आपल्याला दीर्घकाळ परदेशातून विकत घ्यावी लागली, हेही विसरू नये.

आता याच क्षेत्रातील ताजी वार्ता. आजच्या संगणकात माहिती साठवण्याची जागा आणि आकडेमोड करण्याची जागा वेगवेगळी असते. धान्याचे कोठार गावाच्या एका टोकाला आणि चूल दुसऱ्या टोकाला असावी, तशी ही अवस्था. स्वयंपाकापेक्षा हेलपाट्यांतच अधिक शक्ती खर्च होते. मेंदूत अशी फारकत नसते, म्हणून साधारण वीस वॅटमध्ये, म्हणजे एका मंद दिव्याच्या विजेत, त्याचे सारे काम चालते. १९७१ मध्ये लिऑन चुआ यांनी गणिताच्या आधारे असे भाकीत केले की, आपल्यातून वाहून गेलेल्या विजेची आठवण ठेवणारा एक विद्युतघटक असला पाहिजे. त्याला त्यांनी ‘मेम्रिस्टर’ असे नाव दिले. २००८ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत स्टॅन्ली विल्यम्स यांच्या चमूने तो प्रत्यक्ष घडवल्याचे जाहीर केले. साठवण आणि आकडेमोड एकाच जागी व्हावी, हे स्वप्न त्यामुळे आवाक्यात आले.

सप्टेंबर २०२४ मध्ये या वाटेवरचा एक महत्त्वाचा टप्पा बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने गाठला. श्रीतोष गोस्वामी यांच्या नेतृत्वाखालील चमूने रेणूंच्या पातळ पापुद्र्यात सुमारे १६,५०० वेगवेगळ्या अवस्थांमध्ये माहिती साठवून आणि हाताळून दाखवली. साध्या संगणकीय घटकाला फक्त दोन अवस्था माहीत असतात, शून्य आणि एक. ‘नेचर’मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. अवकाश दुर्बिणीने पाठवलेल्या माहितीवरून तारकाजन्माचे एक प्रसिद्ध चित्र त्यांनी एका साध्या टेबलावरच्या संगणकाच्या जोडीने पुन्हा साकारले. ही संस्था जमशेटजी टाटांच्या दातृत्वातून आणि म्हैसूर संस्थानाने दिलेल्या भूमीवर १९०९ मध्ये उभी राहिली, याचे या ठिकाणी स्मरण व्हावे. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका उद्योगपतीच्या दानाला आजही फळे येत आहेत.

या यशाला दुसरीही बाजू आहे. मोहाली येथील सरकारी चिप कारखान्यात १९८४ मध्ये उत्पादन सुरू झाले होते. १९८९ च्या आगीत तो भस्मसात झाला आणि पुन्हा उभारी धरेपर्यंत जग कितीतरी पिढ्या पुढे निघून गेले. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने चिपनिर्मितीसाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. कारखाने त्यातून उभे राहतील. परंतु उद्याची चिप कशी असावी, हे ठरवणारे संशोधन येथेच झाले नाही, तर आपण पुन्हा दुसऱ्याच्या आराखड्यावर मजुरी करणारेच ठरू.

पानापानांतून धावणारा निरोप

तिसरे दालन वनस्पतिशास्त्राचे, आणि येथेही पहिले नाव बसूंचेच घ्यावे लागते. वनस्पतीत विद्युत्स्पंदने असतात, याची नोंद १८७३ मध्ये इंग्लंडमध्ये बर्डन-सँडरसन यांनी एका कीटकभक्षी वनस्पतीत केली होती. बसूंनी असे प्रतिपादन केले की, ही गोष्ट अपवादात्मक वनस्पतींपुरती मर्यादित नाही. लाजाळूप्रमाणेच साध्या भाजीपाल्यालाही आघाताची जाणीव होते आणि तिचा निरोप विजेच्या रूपाने देहभर पसरतो. वनस्पतीची अतिसूक्ष्म वाढ मोजणारे ‘क्रेस्कोग्राफ’ हे यंत्र त्यांनी देशी कारागिरांच्या मदतीने घडवले. १९०० मध्ये पॅरिसच्या पदार्थविज्ञान परिषदेत बसूंनी आपले संशोधन मांडले. त्या वेळी पॅरिसमध्ये असलेल्या स्वामी विवेकानंदांनी, भारतमातेच्या या सुपुत्राबद्दल वाटलेला अभिमान लिहून ठेवला आहे. परंतु पाश्चात्त्य शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी बसूंची मते दीर्घकाळ संशयाच्या नजरेने पाहिली.

त्यानंतर शतक उलटले. २०१३ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान विद्यापीठात एडवर्ड फार्मर यांच्या चमूने दाखवून दिले की, एका पानाला जखम झाली असता विजेचा संकेत दुसऱ्या पानांपर्यंत पोहोचतो आणि त्यासाठी विशिष्ट जनुके लागतात. २०१८ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातील सायमन गिलरॉय आणि जपानचे मासात्सुगु टोयोटा यांनी हा निरोप डोळ्यांना दिसेल अशी युक्ती केली. मोहरीच्या कुळातील एका छोट्या रोपात त्यांनी जेलीफिशच्या प्रथिनापासून घडवलेला एक चकाकणारा घटक घातला. कॅल्शियम वाढले की तो उजळतो. अळीने पान कुरतडले आणि त्या जागेपासून प्रकाशाची एक लाट निघाली. एक-दोन मिनिटांत ती दूरच्या पानांवर पोहोचली. ती पाने मग संरक्षक रसायने तयार करू लागली. हा निरोप सुरू करणारा पदार्थ म्हणजे ग्लुटामेट. प्राण्यांच्या मेंदूतही चेतापेशींमध्ये निरोप पोहोचवण्याचे काम हाच पदार्थ करतो.

‘एकाच चैतन्याची रूपे’ हा शब्दप्रयोग आपल्या मनात लगेच उमटेल. तो उमटावा. तरी विज्ञानाने काय सिद्ध केले आणि काय नाही, याचे भान सुटू नये. वनस्पतीला मेंदू नाही, चेतासंस्था नाही. तिला माणसासारखी वेदना होते, असे या प्रयोगांनी सिद्ध केलेले नाही. बसूंच्या द्रष्टेपणाला पुरावा मिळाला, तो त्यांच्या मूळ प्रतिपादनाला : वनस्पतीच्या देहातही जलद विद्युत्संकेत असतात आणि त्यांना कार्य असते. एवढे सत्य पुरेसे थोर आहे.

शेतकऱ्याला याचा उपयोग काय? विदर्भ-मराठवाड्यातील कापूस उत्पादकाला याचे उत्तर हवे आहे. २००२ मध्ये देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. पण गुलाबी बोंडअळीने कालांतराने त्यातील विषाला दाद देणे सोडले. झाडाची स्वतःची संरक्षणव्यवस्था कशी जागी होते, हे नेमके कळले, तर फवारणीवरचे अवलंबन कमी करण्याची एक वाट सापडू शकेल. ही वाट अजून प्रयोगशाळेतच आहे. ती शिवारापर्यंत आणण्याचे काम लोझान किंवा विस्कॉन्सिनचे नाही. ते आपल्या कृषी विद्यापीठांचे आहे.

औंढा नागनाथला ऐकू येणारे विश्व

चौथे दालन सैद्धांतिक भौतिकीचे. १९१६ मध्ये आइनस्टाइन यांनी गुरुत्वीय लहरींचे भाकीत केले. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील ‘लायगो’च्या दोन वेधशाळांनी त्या प्रथम टिपल्या. १३० कोटी प्रकाशवर्षांवरील दोन कृष्णविवरांची टक्कर झाली होती. त्यात सूर्याच्या तिप्पट वस्तुमान ऊर्जारूपाने लहरींत विखुरले गेले. येथे पोहोचेपर्यंत ती लहर इतकी क्षीण झाली होती की, तिने चार किलोमीटरच्या भुजेत घडवलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या एक सहस्रांशाच्या आसपास होता.

असा संकेत गोंगाटातून वेचायचा कसा? पुण्याच्या ‘आयुका’मध्ये संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९० च्या सुमारास यासाठी मूलभूत काम केले. अपेक्षित लहरींचे नमुने आधी गणिताने तयार करायचे आणि मिळालेल्या नोंदीशी ते ताडून पाहायचे, ही रीत त्यांनी या शोधासाठी विकसित केली. त्या वेळी अशी लहर आपल्या हयातीत सापडेल की नाही, हे कुणीच सांगू शकत नव्हते. त्याही आधी, १९७० मध्ये, सी. व्ही. विश्वेश्वरा या भारतीय शास्त्रज्ञाने गणिताने दाखवले होते की, धक्का बसलेले कृष्णविवर टोला पडलेल्या घंटेसारखे निनादते आणि तो निनाद हळूहळू विरतो. २०१६ मध्ये पहिल्या लहरीची घोषणा झाली तेव्हा विश्वेश्वरा हयात होते. जानेवारी २०१७ मध्ये त्यांचे देहावसान झाले.

१४ जानेवारी २०२५ रोजी, संक्रांतीच्या दिवशी, ‘लायगो’ने असाच पण कितीतरी अधिक स्पष्ट संकेत टिपला. दरम्यानच्या दहा वर्षांत उपकरणे सुधारली होती. या नोंदीत तो निनाद स्वच्छ ऐकू आला. स्टीफन हॉकिंग यांनी १९७१ मध्ये मांडलेला सिद्धांत असा की, कृष्णविवरांच्या मिलनानंतर एकूण पृष्ठभाग कधीही घटत नाही. टकरीपूर्वी दोन्ही कृष्णविवरांचा मिळून पृष्ठभाग सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर होता, म्हणजे आपल्या महाराष्ट्राहून लहान. मिलनानंतर तो सुमारे ४ लाख चौरस किलोमीटर झाला, महाराष्ट्राहून मोठा. अब्जावधी कोसांवरील घटनेचे असे मोजमाप माणसाने करावे, हे बुद्धीचे केवढे वैभव!

या साधनेत आता मराठी मातीही सहभागी होणार आहे. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा उभारण्याच्या सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने अंतिम मंजुरी दिली. अमेरिकेतील दोन वेधशाळांपासून दूर, पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला असे केंद्र असले, की लहर आकाशाच्या नेमक्या कोणत्या भागातून आली हे अधिक अचूक सांगता येते. ज्या औंढ्याला ज्योतिर्लिंगाचे स्थान म्हणून भाविक येतात आणि ज्या जिल्ह्यात संत नामदेवांची नर्सी आहे, तेथे उद्या जगाचे शास्त्रज्ञ येतील. मात्र त्या वेधशाळेत हिंगोली, परभणी, नांदेडची मुले पहारेकरी आणि वाहनचालक म्हणूनच दिसली, तर तो आपला पराभव ठरेल. ती तेथे संशोधक म्हणून दिसावीत, यासाठीचे काम आजच्या सातवी-आठवीच्या वर्गातून सुरू व्हावे लागेल.

अभिमान आणि अभ्यास

या चारही कथांतून काय निष्पन्न होते? पहिली गोष्ट ही की, आपल्यात बुद्धीची वाण नाही. दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. आपले शोध बहुधा एकट्या-दुकट्याच्या तपश्चर्येतून आले. बसूंच्या पाठीशी समाज उशिरा उभा राहिला. १९१७ मध्ये त्यांनी आपली संस्था स्थापन केली, तेव्हा ते साठीच्या उंबरठ्यावर होते. सरकारी आकडेवारीनुसार २०२०-२१ मध्ये आपला देश संशोधन व विकासावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के खर्च करीत होता. त्याच सुमारास चीनचे प्रमाण सुमारे अडीच टक्के, तर दक्षिण कोरियाचे साडेचार टक्क्यांहून अधिक होते. त्या देशांत हा भार मुख्यतः उद्योग उचलतात. आपल्याकडे त्यांचा वाटा एकतृतीयांशाच्या आसपास होता. २०२३ मध्ये संसदेने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा केला, राष्ट्रीय क्वांटम अभियानासाठी सुमारे ६,००० कोटी रुपये मंजूर झाले. ही पावले स्वागतार्ह आहेत. तरीही केवळ शासनाकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाही.

आपल्याच घरांत पाहावे. मुलगा हुशार निघाला की त्याने संगणक अभियंता व्हावे, परदेशी जावे, ही आपली प्रार्थना. भौतिकी किंवा वनस्पतिशास्त्र घेतो म्हणाला, तर घरात सुतक पडते. आणि हीच माणसे सभेत बसून ‘हे सारे आपल्या पूर्वजांना ठाऊकच होते’ असे ऐकून टाळ्या वाजवतात. पूर्वजांचा अभिमान हवाच. ज्याला भूतकाळ नाही त्याला भविष्यही नाही. परंतु भास्कराचार्यांचा अभिमान बाळगण्याचा अधिकार चक्रवाल पद्धत एकदा तरी कागदावर सोडवून पाहणाऱ्याचा. विमाने आणि क्षेपणास्त्रे पुराणांत शोधणे सोपे असते. बसूंसारखे एखादे उपकरण स्वतःच्या हाताने घडवणे कठीण. निराधार बढाई आपल्या खऱ्या कर्तृत्वालाही संशयास्पद बनवते, आणि हे नुकसान बाहेरचा कोणी करीत नाही.

आपल्या पूर्वजांनी या बाबतीतही एक आदर्श घालून दिला आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे तेराव्या शतकाच्या आरंभीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला आणि स्थानिक राजाने त्याला दान दिले, अशी नोंद त्यात आहे. लेखाच्या शेवटच्या भागातील मजकूर जुन्या मराठीत आहे. आठशे वर्षांपूर्वी खानदेशातील एका डोंगरकुशीत गणिताच्या अभ्यासासाठी मठ चालावा आणि त्याच्या खर्चाची तरतूद दगडावर कोरून ठेवली जावी, ही आपली परंपरा.

ती परंपरा चालवणे आपल्या हाती आहे. उत्सवाच्या वर्गणीतून एका शाळेची प्रयोगशाळा सुसज्ज करता येईल. एका तालुक्यातील दहा शिक्षकांना आयुकासारख्या संस्थेत नेऊन आणता येईल. उद्योजक बंधूंनी मंदिराच्या जीर्णोद्धाराला जेवढे दान दिले, तेवढेच एखाद्या संशोधन शिष्यवृत्तीला द्यावे. आणि ज्या घरातील मुलगी मूलभूत विज्ञान शिकू इच्छिते, तिच्या पाठीशी घराने आणि शेजाराने उभे राहावे. देव्हाऱ्यात दिवा लावणाऱ्या हातांनी प्रयोगशाळेतही दिवा लावला, तर ऋषिऋणाचा पहिला हप्ता फिटला असे म्हणता येईल.

भारतमाता की जय!